वखारीच्या जागेवर हजार खुर्च्या

दाजींची लाकडाची वखार गावाच्या मधोमध होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. बसस्थानकाहून रविवार कारंजाकडे चालत निघालं की वाटेत सागाचा वास यायचा, तीच वखार. दाजींच्या वडिलांनी ती जागा घेतली तेव्हा तो भाग गावाबाहेरचा मानला जाई. मी सांगतोय त्या काळापर्यंत, म्हणजे सत्तरीच्या दशकाच्या शेवटाकडे, गाव तिच्या चारही बाजूंनी पसरलं होतं. समोर बँक आली होती, शेजारी स्कूटरचं दुकान. पेठ-सुरगाण्याकडून ओंडके घेऊन येणाऱ्या ट्रकला वळायला जागा उरली नव्हती. क्लीनर पत्र्यावर थापा मारत ट्रक मागे घ्यायला लावायचा आणि तोवर सगळा रस्ता तुंबायचा.

रस्ता तुंबला की लोक दाजींना ऐकवत, "अहो शेठ, सोन्यासारख्या जागेवर लाकडं कसली रचताय!" हे त्यांना इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी ते स्वतःच तसं बोलू लागले.

एका रविवारी ते आमच्याकडे आले ते काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन. मी एका सरकारी कारखान्याच्या हिशेब खात्यात होतो, आणि आम्ही कारखान्याच्याच वसाहतीत राहत होतो. टेबलावर मावेना म्हणून नकाशा पलंगावर पसरला. चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले.

"शंभर खोल्या," दाजी बोट फिरवत म्हणाले. "आणि मागच्या अंगाला हे सभागृह. हजार खुर्च्या."

"हजार माणसं येणार कशाला?"

"परिषदांना! डॉक्टरांच्या, इंजिनिअरांच्या, साखर कारखानदारांच्या. पुण्याला जातात, मुंबईला जातात. इथं का येत नाहीत? जागा नाही म्हणून. सातपूर भरलं, आता अंबडला प्लॉट पडताहेत. पुढच्या दहा वर्षांत नाशिक ओळखू येणार नाही तुम्हाला."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गावात हजार माणसं एका छपराखाली बसतील अशी नीटशी जागा नव्हती. कंपन्यांचे पाहुणे जिथे उतरत तिथे नळाला पाणी दोन तास असे.

"मुंबईची एक संस्था कर्ज देते. तिला प्रकल्प अहवाल लागतो. मेहुणे, तुम्ही फक्त आकडे बसवून द्या. मोठे हिशेबनीस फी मागतात, तुम्ही चहावर कराल."

"मग दुसरा चहा टाकू का?" आतून आमची बायको म्हणाली.

मी म्हणालो, आकडे बसवणार नाही, फिरून गोळा करून आणीन. दाजींना ते फार आवडलं. गोळा करायला गेलो तर जास्तच निघतील अशी त्यांची खात्री होती.

पुढे कितीतरी रविवार मी नाशिक रोडच्या स्टेशनवर आणि बसस्थानकावर काढले. सामान घेऊन उतरणाऱ्यांना विचारायचं, कुठून आलात, कुठे उतरणार, किती दिवस. बायको म्हणे, लोक तुम्हाला पोलिस समजत असतील. काही जण समजतही. पण बहुतेक सांगत, आणि जे सांगत ते एकच असे. धुळ्याकडून आलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, चांगलं हॉटेल असेल तर उतराल का. तो हसायलाच लागला.

"आमना भटजीनं घर शे ना. हाटेलमा कसाले जावानं? आमना आजानं नाव सांगी का तो हाटेलवाला?"

बरोबरच होतं त्याचं. नाशिकला क्रियाकर्माला, तीर्थाला येणारा माणूस आपल्या पिढीजात उपाध्यायाकडे उतरतो. त्याच्या बापाचं, आजाचं नाव तिथे वहीत असतं. जेवण तिथेच, वळकटी तिथेच. त्र्यंबकेश्वरला जाणारे तर स्टेशनवरून परस्पर पुढे जात. यात्रेकरूंच्या रकान्यात लिहिण्याजोगं मला फार थोडं मिळालं.

कंपन्यांचं त्याहून थोडं. सातपूरच्या एका मोठ्या कारखान्याच्या साहेबांनी मला बसवून घेतलं, बिस्किटं दिली आणि सांगितलं, "आमच्या सगळ्या सभा कॅन्टीनमध्ये होतात. जागा फुकट, जेवण निम्म्या भावात. मुंबईचे लोक सकाळच्या गाडीने येतात, संध्याकाळच्या गाडीने जातात. राहायची हौस कुणाला आहे?" दहा वर्षांनी कदाचित, असंही ते म्हणाले. मी तेही टिपून घेतलं. कर्जाचे हप्ते मात्र दुसऱ्याच वर्षी सुरू होणार होते.

राहिली लग्नं, आणि लग्नांचा आकडा मात्र खणखणीत निघाला. मी तीन वर्षांच्या पंचांगांतले मुहूर्त मोजले, दोन मंगल कार्यालयांच्या व्यवस्थापकांना भेटलो. थंडीत आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक तारीख मोकळी नसे. माणसं शाळेच्या मैदानांत मांडव घालून लग्नं उरकत. महिन्यांप्रमाणे तक्ता केला तेव्हा दिसलं की सभागृह सगळा डोलारा ओढू शकेल. जेमतेम, पण ओढेल. मी दाजींना तसं सांगितलं. त्यांनी मला मिठीच मारली.

"आणि उद्घाटन सिंहस्थात!" ते म्हणाले. "ध्वज लागला की आपल्या हॉटेलचे दिवे लागले पाहिजेत. सगळा हिंदुस्थान गावात असणार."

हे ऐकून कुणाच्याही मनात काही आलं नाही. आमच्या गावात काळच मुळी सिंहस्थांनी मोजतात. हा रस्ता मागच्या सिंहस्थात रुंद झाला, हा पूल त्याच्या आधीच्या सिंहस्थातला. बारा वर्षं जे होत नाही ते त्या वर्षभरात होतं. नवं काही उघडायचं तर ते सिंहस्थात, यावर दाजी, त्यांचा पुण्याहून येणारा तरुण आर्किटेक्ट आणि मी, तिघांचं एकमत होतं.

एका संध्याकाळी मी पहिल्या वर्षाचा तक्ता शाईने पक्का करत होतो. बायको शेजारी शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "माझ्या ताईचा निरोप आलाय. पोरीचं पुढच्या वैशाखातच उरकायचं म्हणताहेत."

"एवढी घाई? मुलाची नोकरी पक्की व्हायची होती ना?"

"नाही झाली. पण नंतर सिंहस्थ लागतोय. मग वर्षाच्या वर थांबायचं का? वय काय थांबतं पोरीचं?"

मी टाक खाली ठेवला. गुरू सिंह राशीत असताना आमच्याकडे लग्नं होत नाहीत, हे मला शिकवायला नको होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मागच्या सिंहस्थाच्या तोंडावर असंच घाईने झालं होतं, आणि त्यात पंगती वाढायला दाजीच पुढे होते. नाशिकच्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. पण सिंहस्थातली गर्दी आणि कमाई हे बाजारात बोलायचं, आणि सिंहस्थात लग्न नाही हे घरात, बायकांनी बोलायचं. आम्ही सहा महिने बाजारातलंच बोलत बसलो होतो. ज्या वर्षावर सगळी मदार, त्याच वर्षी सभागृह रिकामं राहणार होतं. आणि यात्रेकरू तर उपाध्यायांकडे, नाहीतर तंबूंत.

मी दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परस्पर वखारीत गेलो. करवतीचं यंत्र चालू होतं, दाजींनी हात करून ते थांबवलं. मी सांगितलं. त्यांनी अंगावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "हे तर मलाही ठाऊक आहे."

"मग आता?"

"थांबा. बघतो."

चार दिवसांनी बोलावणं आलं. ते एका शास्त्रीबुवांना विचारून आले होते. शास्त्रीबुवांनी सांगितलं होतं की निषेध आहे तो गंगा आणि गोदावरी यांच्या मधल्या प्रदेशाला. गोदावरीच्या दक्षिणेला तो तितका कडक नाही, असाही आधार सापडतो.

"पंचवटीत लग्न चालत नाही, आपल्या वखारीत चालतं!" दाजी टाळी द्यायला हात पुढे करत म्हणाले. "नदीच्या अलीकडे आहोत आपण. शास्त्राधार आहे."

"शास्त्र तुमच्या बाजूने असेल. मुलीचा बाप आहे का?"

"मेहुणे, तुम्ही ना, वरातीत नेलं तरी घोड्याचे पाय मोजाल."

तिथे बसलेला आर्किटेक्ट हसला. मी म्हणालो, उद्घाटन सिंहस्थ उठल्यावर करा, एका वर्षाने. ते नको असेल तर निदान कर्जाचं मंजुरीपत्र हातात पडेपर्यंत वखार हलवू नका. धंदा चालू राहू द्या. त्यावर दाजींचं उत्तर असं की असा योग बारा वर्षांनी येतो, आणि पाया तयार असला तर संस्थेवर छाप पडते. पाया तयार असल्याशिवाय संस्थेकडून पैशांचा पहिला हप्ता सुटणार नव्हता हेही खरं होतं.

त्यांचं घर वखारीतच होतं, मागच्या बाजूला, वर दोन खोल्या आणि खाली स्वयंपाकघर. नकाशात त्या जागी हॉटेलचा भटारखाना आणि मोटारी उभ्या करायची जागा होती. मी निघालो तेव्हा अक्काने मला आत बोलावलं.

"मला त्यातलं कळत नाही," ती म्हणाली. "तू सांग. होईल का हे?"

"सिंहस्थात उघडलं तर नाही. कर्ज मिळायच्या आत वखार मोडली तर मुळीच नाही."

"त्यांना सांगितलंस?"

"तीनदा."

"मी बोलून बघते."

ती बोलली. नंतर तिने मला उत्तर सांगितलं ते असं, "तुझ्या माहेरी कुणी कधी धंदा केलाय का?" नव्हताच केला. आमचे वडील कारकून, मी हिशेब खात्यात. 

तक्ता मी बदलून दिला. पहिल्या वर्षाच्या लग्नांच्या रकान्यात शून्य लिहिलं. आर्किटेक्टच्या कचेरीने टंकलिखित प्रत तयार केली तेव्हा त्या रकान्यात पुन्हा जुनाच आकडा होता. मी विचारलं, तर म्हणे शेठजींनी सांगितलं. अहवालावर माझी सही लागत नव्हती. मी दाजींना सांगितलं की हे खोटं आहे, आणि हे तुम्हालाच बाधेल. ते म्हणाले, "शास्त्राधार आहे हो, खोटं कसं?"

वखार मोडायला तीन आठवडे लागले. साग, शिसव, आडजात लाकूड, सगळा माल एकगठ्ठा नाशिक रोडच्या दोन वखारवाल्यांना दिला. घाईत दिलेल्या मालाला जो भाव येतो तोच आला. करवतीचं यंत्र सुटं करून नेलं. गावातले सुतार नव्या वखारींकडे वळले, आणि एकदा वळलेला सुतार परत येत नाही. अक्काचा संसार भाड्याच्या जागेत गेला, वर्षभरासाठी म्हणून.

भूमिपूजन मात्र त्यांनी सिंहस्थ लागायच्या वर्षभर आधी, पंचांगात शोधून शोधून, निर्दोष मुहूर्तावर केलं. मी होमाच्या बाजूला उभा होतो. म्हटलं, "दाजी, आपण तर नदीच्या अलीकडे ना? मग मुहूर्ताची एवढी काळजी का?"

"उगाच संशयाला जागा कशाला ठेवायची?"

"मुलीचा बापही हेच म्हणेल."

ते ऐकू न आल्यासारखं करून आर्किटेक्टकडे वळले.

नाशिकात कुठेही खणा, काळा दगड लागतो. इथे तो माणसाच्या कमरेइतक्या खोलीवर लागला. सुरुंग लावायला परवानगी नाही, कारण समोर बँक, मागे घरं. मग कॉम्प्रेसर, छिन्न्या, आणि महिनोन्महिने चाललेली ठकठक. तळघर वगळून नुसता पाया करा, असं मी सुचवलं. आर्किटेक्ट म्हणाला, परिषदांच्या हॉटेलाला तळघर हवंच. लाकडाचे आलेले पैसे दगडात गेले, यापेक्षा जास्त त्याबद्दल मला सांगता येत नाही.

संस्थेचा अधिकारी पाहणीला आला. सभ्य माणूस, छत्री काखोटीला. तो खड्ड्याच्या काठावर उभा राहिला, खाली बघितलं, फाईल चाळली. त्याला सिंहस्थ म्हणजे मेळा एवढंच माहीत होतं. नियमाप्रमाणे त्याने एक कागद मागितला. सभागृहाच्या पहिल्या वर्षासाठी मागणी आहे असं दाखवणारी पत्रं जोडा, वीस तरी.

"वीस काय, चाळीस देतो," दाजी म्हणाले.

पत्रांचा मजकूर लिहायला ते मला बरोबर घेऊन फिरले. ओळखीची माणसं, वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं. ज्यांच्या घरांना दाजींच्या वखारीतल्या चौकटी होत्या अशी माणसं. धान्याचा व्यापार करणाऱ्या त्यांच्या एका जुन्या मित्राने आम्हाला गादीवर बसवलं, मसाल्याचं दूध दिलं.

"तुझ्या सभागृहात पहिलं लग्न माझ्या घरचं," तो म्हणाला. "शब्द देतो."

"मग पत्रात तारीख कुठली घालू?" मी विचारलं.

"सिंहस्थ उठू द्या. मग कुठलीही घाला."

"दक्षिण तीराला चालतं," दाजी म्हणाले. "शास्त्रीबुवा म्हणाले."

"चालत असेल रे. पण पुढे पोरीच्या पायात नुसता काटा मोडला तरी तिची आई मला आयुष्यभर ऐकवेल. तुझे शास्त्रीबुवा येणार आहेत का मधे पडायला?"

सगळे हसले, दाजीसुद्धा. दुसऱ्या घरी हेच झालं, तिसऱ्या घरी हेच. नाही कुणीच म्हणत नव्हतं. सगळे म्हणत, नक्की, पण उठल्यावर.

शेवटी मी त्यांना आमच्या वसाहतीजवळ राहणाऱ्या एका मास्तरांकडे नेलं. ते बौद्ध. त्यांच्याकडे मुहूर्त पाळत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांच्या मुलीचं ठरत होतं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आम्हाला सिंहस्थ नाही, साहेब. तारीख तुम्ही सांगाल ती. पण हजार खुर्च्यांचं भाडं मास्तराच्या पगारात बसतं का, ते तुम्हीच सांगा. तुम्ही हिशेबातले."

मी म्हणालो, नाही बसत.

"पत्र पाहिजे तर देतो लिहून. पण ते खोटं होईल."

दाजींनी पेन पुढे केलं होतं. त्यांनीच ते परत खिशाला लावलं. परतताना रिक्षा केली. घरापाशी उतरल्यावर म्हणाले, "एकसुद्धा नाही हो." मला जणू ते ठाऊक नव्हतं.

संस्थेकडून उत्तर आलं, प्रस्तावाचा सध्या विचार करता येत नाही. सिंहस्थ लागला. ध्वज चढला, गाव माणसांनी फुगलं, रोज नव्या गाड्या, नव्या बस. खड्ड्याला पालिकेने पत्र्याचं कुंपण घालायला लावलं होतं. त्याला टेकून यात्रेकरू भाकऱ्या सोडत, आणि उरलेलं पत्र्यावरून आत टाकत. दगडाच्या कपारींतून झरपलेलं पाणी तळाला साचून हिरवं झालं होतं. एका बाईने मला विचारलं, "भाऊ, इथं काय होणार आहे?" मी म्हणालो, हॉटेल. सवयीने म्हणालो.

पर्वकाळ संपेपर्यंत दाजींनी आणखी दोन संस्थांचे उंबरे झिजवले. मी दोन्ही वेळा तक्ता करून दिला, शून्य घालून. दोन्ही वेळा शून्य राहू दिलं गेलं. त्यांच्या हातात आता बदलण्याची उमेद नव्हती, आणि तशा तक्त्यावर कोण कर्ज देणार. कॉम्प्रेसरवाला आणि दगड फोडणारे ठेकेदार दारात येऊन बसू लागले, तेव्हा जागा विकली. घेणाऱ्याने खड्डा भरायचा खर्च किमतीतून कापला. ज्या खड्ड्यात वखार गेली, त्याचेही पैसे दाजींनाच पडले. आता तिथे दुकानांचे गाळे आहेत, खाली कपडे आणि वर कोचिंग क्लास. पुढे ऐंशीनंतर मोठी हॉटेलं झालीच. हमरस्त्यावर, गावाबाहेर, बाहेरच्या लोकांची. दाजींनी दहा वर्षांचं जे सांगितलं होतं ते खरं झालं. त्यांच्यासाठी नाही.

अक्का आणि दाजी नाशिक रोडला, एकलहऱ्याच्या वाटेवर, दोन खोल्यांत राहायला गेले. वाळत घातलेल्या कपड्यांवर वीजघराची राख बसायची. दाजी एका ठेकेदाराकडे सेंट्रिंगच्या फळ्यांचा हिशेब ठेवायला लागले. सकाळी डबा घेऊन जात, अंधार पडता परत येत. मी गेलो की दार उघडून "या" म्हणत आणि पेपर पुढे धरत. वखारीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. माझ्यावर ते कधी रागावलेही नाहीत. रागावले असते तर मला तिथे बसणं सोपं गेलं असतं.

एका दुपारी मी गेलो तेव्हा ते कामावर होते. अक्का एकटी होती. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की मंजुरीपत्र येईपर्यंत थांबले असते तर एवढं झालं नसतं. खरं म्हणजे हे मी आधीही तिच्याजवळ बोललो होतो, बऱ्याचदा बोललो असेन.

ती चूल पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली, "तुझं खरं होतं. पहिल्यापासून खरं होतं. त्याचं मी आता काय करू, सांग."

मी सगळी वर्षं आकडे बरोबर आणले होते. त्यातल्या एकाचाही तिला उपयोग झाला नव्हता. आणि ती हे मला दुखवायला म्हणत नव्हती, खरोखरच विचारत होती.  तिने फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि विचारलं, जेवून जाशील ना. मी हो म्हणालो. ती पीठ मळायला बसली, आणि मी बाहेरच्या खोलीत जाऊन दाजींची वाट बघत बसलो.